दुसरं बाळंतपण घरीच, मिडवाइफ बोलावून : नागपुरात कोणी केलंय का?

मनीषनगरवाली
नमस्कार मंडळी, नुसतं वाचून राहिली होती इतके दिवस, आज लिहितेय. सातवा महिना सुरू आहे, दुसरं बाळ, तारीख मेच्या शेवटी म्हणजे ऐन नवतपात, उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत. पहिला पोरगा नॉर्मल झाला, पण ते नॉर्मल कसं झालं ते माझं मला माहीत. गेल्या गेल्या सलाईनमधून कळांचं औषध, नवरा बाहेर, उताणं झोपवून पाय वर, कुशीवर वळू का विचारलं तर ओरडा, शेवटी एका बाईनी कोपरानी पोटावर दाब दिला अन् न विचारता कापून टाके घातले. हॉस्पिटलचं नाव नाही घेत, घेऊन काही होत नाही.

आता एक मिडवाइफ सापडली आहे, दुसऱ्या शहरातली, नर्सिंग करून मग मिडवायफरी म्हणजे बाळंतपण करायचं शिकलेली, रजिस्टर्ड. तारखेच्या आधी येऊन नागपुरात राहीन म्हणते. तिचं येणंजाणं, राहणं, फी सगळं धरलं तर एका बऱ्या प्रायव्हेट पॅकेजच्या वर जातं, म्हणजे पैसे वाचवायला करून राहिली असं कोणी समजू नका. तिची एकच अट आहे की इथला एखादा गायनॅक बॅकअपला पाहिजे. अन् तिथेच गाडी अडली. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी "घरी" म्हटल्याबरोबर फाईल मिटवून परत दिली. कोणाला अनुभव असेल तर सांगा, अन् प्लीज घाबरवायला लिहू नका.

तर्री_पोहे
ताई राग मानू नका, पण काहून रिस्क घेऊन राहिल्या? मेडिकल आहे, मेयो आहे, डागा तर बायकांचंच हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स झालं, प्रायव्हेट तर गल्लीगल्लीत. गडचिरोलीच्या आतल्या गावातली बाई दवाखाना नाही म्हणून घरी बाळंत होते, अन् आपण दवाखाना असून घरी? २०१८ मध्ये तिकडे तिरुपूरला यूट्यूब पाहून घरी बाळंतपण केलं अन् बाई गेली, पेपरात आलं होतं.

मनीषनगरवाली
@तर्री_पोहे दादा, घाबरवू नका म्हटलं अन् तुम्ही पहिल्याच कमेंटला तेच केलं 😄 तिथे कोणी शिकलेलं माणूस नव्हतं हो, नवरा अन् त्याचे मित्र होते. मी मिडवाइफ म्हणून राहिली, यूट्यूब नाही.

उमरेडवाली
माझी आजी सुईण होती, उमरेडच्या पुढे आमचं गाव. लोक सुईण म्हटलं की अडाणी समजतात पण तिचा हात मी पाहिला आहे. आधी हात शेकोटीवर गरम करायची, मग खोबरेल लावून पोटावर सावकाश फिरवायची आणि सांगायची डोकं कुठे, पाठ कुठे, पायाळू आहे का. बाईला कधी उताणं झोपवलं नाही तिनी, छताच्या आड्याला दोर टांगलेला असायचा तो धरून बाई उकिडवी बसायची, नाहीतर मागून जाऊ धरून ठेवायची. नाळ धडधडायची थांबेपर्यंत कापायची नाही. सरकारी दाई ट्रेनिंग झाल्यावर ब्लेड नवीन पाहिजे, दोरा उकळलेला पाहिजे यावर तर भांडायची.

पण ताई हेही सांगते. माझी सख्खी मावशी याच आजीच्या हाताखाली गेली. पोरगी झाली छान, रडली, सगळे गूळ वाटायला उठले अन् मावशीची वार, म्हणजे प्लासेंटा, पडली नाही. रक्त थांबेना. बैलगाडीत घालून निघाले, उमरेड आलंच नाही. आजीनी त्यानंतरही पुष्कळ बाळंतपणं केली पण वार पडेपर्यंत कोणाला गूळ वाटू दिला नाही. तुम्हाला घाबरवायला नाही लिहिलं, पण ही एकच गोष्ट आहे जिथे शिकलेली बाई अन् आजी दोघींचे हात रिकामे पडू शकतात, म्हणून लिहिलं.

लीड्सची_नागपूरकर
मी धरमपेठची, आता इंग्लंडमध्ये. माझं दुसरं बाळ घरी झालं, त्यामुळे मी विरोधात नाही हे आधी सांगते. पण तुम्ही नेटवर जे आकडे वाचत असाल ते बहुतेक इथले असतील, त्यामुळे नीट सांगते. २०११ साली इथे बर्थप्लेस नावाचा मोठा अभ्यास आला, चौसष्ट हजारांवर कमी जोखमीच्या बाळंतपणांचा. पहिलटकरणींमध्ये बाळाला गंभीर काही होण्याचं प्रमाण घरी हजारी ९.३ आणि हॉस्पिटलला ५.३ निघालं. दुसरं-तिसरं असलेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणजे तुमच्या बाजूचं आहे म्हणा ना. पण त्याच अभ्यासात घरी सुरू करून मधेच हॉस्पिटलला न्यावं लागलेल्या बायका किती, तर पहिलटकरणीत ४५ टक्के आणि दुसऱ्या वेळच्यांत १२ टक्के. बहुतेक वेळा धावपळ नसते, कळा मंदावल्या, बाई थकली, पाणी हिरवट दिसलं वगैरे. पण नेणं हा प्लॅनचाच भाग असतो, प्लॅन फिसकटला असं कोणी समजत नाही.

माझ्या वेळी काय होतं ते सांगते. बाळ यायच्या सुमारास दोन मिडवाइफ घरात, एक माझ्याकडे बघायला आणि एक बाळाकडे. ऑक्सिजन, बाळाला श्वास द्यायची बॅग-मास्क, रक्त थांबवायची इंजेक्शनं. माझी फाईल आधीच हॉस्पिटलला, फोन केला की ॲम्ब्युलन्स आणि लेबर वॉर्डला माझं नाव माहीत. मिडवाइफ हॉस्पिटलचीच नोकरदार, त्यामुळे दारात "तू कोण, कुठून आणलंस" कोणी विचारत नाही. ते ९.३ आणि ५.३ या सगळ्या साखळीसकटचे आकडे आहेत. साखळी काढून टाकली तर ते आकडे मनीषनगरला लागू होत नाहीत, दुसरं बाळ असलं तरी.

सिस्टर_काकू
मी लेबर रूममध्येच म्हातारी झाली, आता रिटायर आहे. बाळा, तुझ्याशी पहिल्या वेळी जे झालं ते चूकच होतं, पोटावर दाब द्यायला अन् सरसकट कापायला डब्ल्यूएचओ नाही म्हणते, तरी चालू आहे, आमच्यातल्याच बायका करतात, मी पाहिलं आहे. ते आधी बोलून टाकलं.

आता तुझ्या मिडवाइफला हे विचार. एक तर ती एकटी येणार का दोघी? बाळ आलं अन् रडलं नाही तर पहिल्या मिनिटात त्याला पुसून, चोळून, श्वास नाही तर बॅगनी हवा द्यायला लागते, अन् त्याच वेळी तुला रक्त जायला लागलं तर? एका बाईला दोन हातच असतात. दुसरं म्हणजे बाळ आल्याबरोबर मांडीत ऑक्सिटोसिन १० युनिट देतात, वार लवकर सुटावी अन् गर्भाशय आवळावं म्हणून. ते औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. आता मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ डिग्री, लाईट गेली, फ्रिज बंद, किंवा ॲम्प्युल गाडीत पर्समध्ये राहिलं, की औषध कमजोर होतं, दिसायला पाण्यासारखंच दिसतं, कळत नाही. विचार तिला की कशात आणणार, आइस पॅकच्या डब्यात का पर्समध्ये. या एका उत्तरावरून तुला बाई कळेल.

शेवटच्या महिन्यात गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त फिरत असतं. ते आवळलं नाही तर नळ उघडा. तुझं हिमोग्लोबिन किती? अन् सिकलसेलची, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, टेस्ट झाली का? आपल्या विदर्भात हे आधी विचारायचं, मुंबई-पुण्याच्या साइटवर कोणी लिहिणार नाही. ब्लड ग्रुप? वार कुठे आहे सोनोग्राफीत?

मनीषनगरवाली
काकू 🙏 त्या वाक्यासाठी. इतक्या दिवसांत कोणीतरी "चूकच होतं" म्हटलं.
ओ पॉझिटिव्ह. वार वर आहे. बाळाचं डोकं अजून वर-खाली फिरून राहिलं आहे, तेव्हा ते पुढे बघू. सिकलसेल पहिल्याच वेळी केली होती, माझी निगेटिव्ह, नवरा कॅरियर आहे, म्हणून डॉक्टर म्हणाले बाळ फार तर कॅरियर होईल, आजार होणार नाही. हिमोग्लोबिन ९.६ आहे. गोळ्या सुरू आहेत पण पोट बिघडते म्हणून मधेमधे सुटतात.
मिडवाइफला ऑक्सिटोसिनचं विचारलं. ती हसली आणि कॅमेऱ्यात डबाच दाखवला, लसीचे असतात तसा, आत थर्मामीटर. अन् म्हणाली की असिस्टंट आणेन, एकटी कधीच करत नाही. अन् ३६ आठवड्यांना हिमोग्लोबिन ११ च्या वर नसेल तर मी घरी करणार नाही, तुम्ही कितीही म्हटलं तरी.

सिस्टर_काकू
मग बाई चांगली आहे. नाही म्हणायला येतं तिला.
गोळी चहासोबत घेऊ नको, जेवण झाल्यावर दोन तासांनी लिंबूपाण्यासोबत घे, अन् कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. तरी वाढलं नाही तर डॉक्टर शिरेतून आयर्न देतात, आता ते सोपं झालं आहे, त्याला घाबरू नको.

गोंड_खैरी
कमाल आहे, सगळे इंग्लंडच्या गोष्टी करून राहिले. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय-राणी बंग दांपत्यानी त्यांच्या सर्च संस्थेतून सिद्ध केलं ना की घरी बाळाची काळजी घेता येते? १९९९ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. खेड्यातल्या आरोग्यदूत बायकांनी केलं. मग शहरातल्या शिकलेल्या बाईला घरी बाळंत व्हायला काहून अडवता?

रात्रपाळीचा_रेसिडेंट
@गोंड_खैरी दादा, आकडा बरोबर, अर्थ उलटा लावून राहिले. तिथे बाळंतपणं घरीच होत होती कारण दवाखाना हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी बाळाचा श्वास, न्यूमोनिया, सेप्सिस (अंगभर पसरलेलं इन्फेक्शन) हे घरी कसं सांभाळायचं ते आरोग्यदूतांना शिकवलं. ते नवजात बाळांचं काम आहे, घरी बाळंत व्हा असं ते सांगत नाही. त्याच धर्तीवर आता आशा ताई बाळाला पाहायला घरी येतात, दवाखान्यात झालं तर सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्तीची. ती सोय जरूर घ्या.

ताई, मी इथल्याच एका सरकारी हॉस्पिटलला गायनॅकचा रेसिडेंट आहे. तुम्हाला डॉक्टरांनी फाईल का परत दिली ते आतून सांगतो. घरी काही झालं अन् शेवटच्या टप्प्यात बाई आमच्याकडे आली तर केस आमच्या नावावर लागते. बॅकअप म्हणून सही केलेला डॉक्टर तर पहिला धरला जातो. कायद्यात घरी बाळंतपणाला बंदी नाही, पण "मिडवाइफ घरी, डॉक्टर बॅकअप" अशी पद्धतच आपल्याकडे बसलेली नाही. सरकारनी २०१८ मध्ये मिडवायफरीच्या गाइडलाइन काढल्या, नर्सेसना १८ महिन्यांचं जादा ट्रेनिंग देऊन मिडवाइफ करायचं, चांगली गोष्ट आहे, पण त्यातसुद्धा मिडवाइफनी चालवायचे विभाग हॉस्पिटलच्या आवारात आहेत, लोकांच्या घरी नाहीत. त्यामुळे तुमच्या मिडवाइफला मागे साखळी नाही, जी त्या लीड्सच्या ताईंना होती.

अन् रात्री तीनला आमच्याकडे येतात त्या केसेस बघा. वाईट केस म्हणजे बरेचदा "इथून तिथे, तिथून इथे" फिरलेली. पहिल्या ठिकाणी बेड नाही, दुसरीकडे रक्त नाही. घरून निघायला उशीर होतो तो वेगळा, पण दारात पोचून घेणारं कोणी नसणं हे जास्त मारतं. १०८ फुकट आहे, येते, पण ती तुम्हाला जिथे घेतील तिथे नेणार, तुमच्या मनातल्या डॉक्टरकडे नाही.

धंतोली_डायरी
एक बोलू का, थोडं वेगळं. ही पोरगी घर मागून राहिली का, का त्या कोपराशिवाय बाळंतपण मागून राहिली? मला वाटते दुसरं. मी पण माझ्या वेळी घरी घरी करत होती आणि नंतर लक्षात आलं की मला फक्त माझा नवरा आत पाहिजे होता अन् मला फिरू द्यायला पाहिजे होतं. सोबतीला घरचं माणूस आत घ्या हे केंद्र सरकारचं २०१६ पासूनचं म्हणणं आहे, लेबर रूम सुधारायच्या लक्ष्य नावाच्या कार्यक्रमात तर बाईशी कसं वागायचं तेपण मोजतात. कागदावर सगळं आहे, फक्त मागावं लागते. देशात प्रायव्हेटमध्ये ४७ टक्के सिझर होत होते, २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा (एनएफएचएस-५) आकडा आहे, त्यामुळे डॉक्टरवर आंधळा विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. पण डॉक्टर निवडायला वेळ आहे तुमच्याकडे, दोन महिने आहेत.

मनीषनगरवाली
@धंतोली_डायरी खरं सांगू, वाचून आधी राग आला. म्हणजे मला काय पाहिजे ते मला कळत नाही का. मला घरच पाहिजे होतं, माझी खोली, माझा कूलर, पोरगा शेजारच्या खोलीत, आईच्या हातचा काढा. पण तुमच्या कमेंटनंतर कागद घेऊन बसली आणि काय काय नको ते लिहिलं तर त्यात दहातल्या आठ गोष्टी हॉस्पिटलच्या नव्हत्या, माणसांच्या होत्या.

तर्री_पोहे
मी सोबतीला बसलो होतो, माझ्या मुलीच्या वेळी, आत. काही करत नव्हतो, पाणी देत होतो अन् पाठ चोळत होतो. बायको आजपण सांगते की तू होता म्हणून सिस्टर नीट बोलली. एवढंच. ताई पहिली कमेंट जरा जास्त झाली, सोडून द्या.

उमरेडवाली
सासूबाई काय म्हणतात ते नाही लिहिलं ताई तुम्ही 😀

मनीषनगरवाली
काटोलच्या आहेत, स्वतः तीन घरी बाळंतपणं. मला वाटलं त्या तरी बाजूनी असतील. म्हणे, "आम्हाले कोणी विचारलं होतं का घरी पाहिजे का दवाखान्यात?" अन् भाजी निवडायला लागल्या.

मनीषनगरवाली
अपडेट देते, पुष्कळ जणांनी मेसेज करून विचारलं.
एक छोटं नर्सिंग होम आहे, दोन मॅडम मिळून चालवतात. घरच्या बॅकअपला त्याही नाही म्हणाल्या, तोंडावर, पण फाईल परत दिली नाही, बसवलं. मी कागद काढला. मॅडमनी पेन घेऊन एकेका ओळीवर टिक केली. कळा सुरू झाल्या की घरी थांबा, गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडायच्या आत आलात तर मी उगाच कळांचं सलाईन लावणार नाही. फिरा, कुशीवर वळा, चालेल. बाळाचे ठोके डॉपलरनी, म्हणजे हातातल्या छोट्या मशीननी, दर पंधरा मिनिटांनी, शेवटी दर पाच मिनिटांनी ऐकू, सतत पट्टा बांधणार नाही, पण ठोके बिघडले तर बांधीन. पोटावर कोणी हात टाकणार नाही. कापायचं झालं तर आधी तुम्हाला सांगीन. नाळ एक ते तीन मिनिटं थांबून. नवरा आत. एका ओळीवर फुली मारली, वारेसाठी इंजेक्शन नको असं मी लिहिलं होतं ती. ते मी देणारच, म्हणाल्या, त्यावर वाद नाही.
मग मिडवाइफचं विचारलं. जरा थांबल्या, मग म्हणे सोबतीण म्हणून येऊ द्या, प्रोसिजर ती करणार नाही, रेकॉर्ड आमचं राहील. मिडवाइफला हे सांगितलं तर ती म्हणाली मी घरी तुमच्यासोबत थांबीन, तपासून सांगीन केव्हा निघायचं, अन् आत येऊन पाठ धरीन, मला चालतं, फीपण कमी केली. हिमोग्लोबिन शिरेतल्या आयर्ननंतर १०.३ झालं आहे, म्हणजे तिच्या अटीत तसंही बसत नव्हतं.
घरचं सुटलं याचं वाईट वाटून राहिलं, खोटं नाही बोलणार. कूलरच्या वाळ्याचा वास असताना बाळ यावं असं डोक्यात बसलं होतं. कोणी "चांगलाच निर्णय घेतला" लिहू नका प्लीज.

सिस्टर_काकू
नाही लिहीत. कामाचं लिहिते. दुसऱ्या वेळी कळा पटापट वाढतात, पहिल्याच्या हिशोबानी बसू नको. मे महिना लग्नाचा, वर्धा रोडला संध्याकाळी वरात लागली की गाडी इंच हलत नाही, तेव्हा संध्याकाळ असेल तर जरा आधी निघ. गाडीत प्लास्टिक अन् वर जुनी सुती चादर, दोन टॉवेल बाळासाठी. निघण्याआधी एसी लावून गाडी थंड करून घ्यायला सांग नवऱ्याला, उन्हात उभी असलेल्या गाडीत कळा घेत बसायचं नाही. अन् घरी आल्यावर बाळाला कूलरच्या थेट झोतात ठेवायचं नाही, वाळा कितीही आवडत असला तरी. खोली थंड, बाळ झोताच्या बाहेर, अन् दूध वरचेवर.

लीड्सची_नागपूरकर
आणि घरी असतानाच अचानक झालंच, तर बाळाला पुसून तुमच्या छातीवर ठेवायचं, वरून कोरडं पांघरूण, नाळ ओढायची नाही, वार ओढायची नाही. मिडवाइफ असेलच सोबत, पण नवऱ्याला सांगून ठेवा.

खामला_चौक
एक प्रॅक्टिकल. हॉस्पिटलला झालं तर जन्माची नोंद तेच कळवतात. घरी झालं तर घरच्या कर्त्या माणसानी २१ दिवसांत कळवायचं असते, आपल्याकडे महानगरपालिकेच्या झोन ऑफिसला. जी मिडवाइफ हजर होती तिनीपण कळवायचं असते. २१ दिवस उलटले की लेट फी, महिना उलटला की लेखी परवानगी अन् स्वतः सही केलेला कागद, वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, सगळ्याला हाच दाखला लागणार आहे, तेव्हा लांबवू नका. अन् बीसीजी, पोलिओचा झिरो डोस अन् हिपॅटायटिस बी घरी झालं तरी लगेच द्यायला न्यायचं, हिपॅटायटिसचा तर २४ तासांच्या आत.

तर्री_पोहे
अन् गाडीतच झालं तर? वरातीत अडकून?

खामला_चौक
त्याचापण नियम आहे हो. चालत्या वाहनात जन्म झाला तर वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्यानी, गाडी पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे कळवायचं.

तर्री_पोहे
म्हणजे ताई, जिजूंना सांगून ठेवा, अजनी चौकातला सिग्नल तोडू नका पण तिथे थांबूही नका 😂

मनीषनगरवाली
😂😂 हसवू नका, नऊ महिने भरत आले, हसलं तरी पोट कडक होते. सांगते त्यांना.